दुर्मीळ भुंगेऱ्याचा फोटो पारखताना

फोटोखाली ‘दुर्मीळ’ हा शब्द दिसला की पारखणाऱ्याचा हात सैल होतो. एरवी ज्याला आपण ‘हललाय’ म्हणून बाजूला ठेवलं असतं, तोच फोटो मग ‘मिळाला हेच खूप’ म्हणत पुढे जातो. याच्या उलटही घडतं. मखमली पार्श्वभूमी, पानावर ऐटीत बसलेला भुंगेरा, रंग असे की नजर हटू नये. आणि ही जात कोणती हे सांगणारा एकही अवयव त्यात नीट दिसत नाही.

म्हणून नव्याने फोटो पारखायला बसणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं असतं की इथे प्रश्न दोन आहेत आणि त्यांची उत्तरं वेगवेगळी लिहायची. फोटो म्हणून हा कसा आहे? आणि पुरावा म्हणून हा काय सांगू शकतो? भुंगेऱ्यांच्या आजवर सुमारे ४ लाख जातींचं शास्त्रीय वर्णन झालं आहे. त्यातल्या कित्येक जाती एकमेकींपासून केवळ पायाच्या एखाद्या पेऱ्याने किंवा पंखावरच्या खळग्यांच्या ओळीने ओळखू येतात. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अशा बारीकसारीक जागांत दडलेलं असतं. खालच्या पायऱ्या मी स्वतः ज्या क्रमाने जाते त्याच क्रमाने दिल्या आहेत.

पहिली पायरी: नाव झाकून बघा

जातीचं नाव, ठिकाण, फोटो काढणाऱ्याचे कष्ट, यातलं काहीही न वाचता आधी नुसता फोटो बघा. एकदा अंगठ्याएवढा लहान करून बघा. लहान आकारात रचना कळते: भुंगेरा पार्श्वभूमीपासून सुटा दिसतो का, शृंगिकेचं (डोक्यावरच्या मिशीसारख्या अवयवाचं) टोक किंवा मागचा पाय चौकटीबाहेर कापला गेलाय का, नजर आधी भुंगेऱ्यावर जाते की मागच्या चमकत्या काडीवर. लांब शृंगिकांच्या भुंगेऱ्यांत ही कापाकापी फार होते, कारण शृंगिका कधीकधी शरीराच्या दुप्पट लांब असतात आणि फोटो काढताना लक्ष धडावर असतं.

मग फोटो शंभर टक्के आकारात उघडा, म्हणजे फोटोतला एक पिक्सेल पडद्यावर एक पिक्सेल. यापुढचं सगळं काम याच आकारात करायचं.

दुसरी पायरी: मूळ फाइल मागा आणि पिक्सेल मोजा

मेसेजमधून फिरून आलेला फोटो दाबून लहान झालेला असतो. त्यावरून बारकाव्याबद्दल मत देणं फोटो काढणाऱ्यावर अन्याय करणारं आहे. मूळ फाइल मागायला संकोच करू नका.

फाइल हातात आली की सोपा हिशोब करा. समजा भुंगेरा १५ मिलिमीटर लांब आहे आणि फोटोत तो डोक्यापासून शेपटापर्यंत ३००० पिक्सेल भरतो. म्हणजे एका मिलिमीटरला २०० पिक्सेल. त्याच्या पंखावरचा ०.०५ मिलिमीटरचा खळगा १० पिक्सेलचा झाला, तो स्वच्छ दिसेल. तोच भुंगेरा ६०० पिक्सेलचा असेल तर त्या खळग्याच्या वाट्याला २ पिक्सेल येतात, आणि दोन पिक्सेलमध्ये खळगा आहे की धुळीचा कण, हे कुणालाही सांगता येणार नाही. किती मेगापिक्सेलचा कॅमेरा होता याला महत्त्व नाही. त्यातले किती पिक्सेल भुंगेऱ्यावर पडले, एवढंच बघायचं.

तिसरी पायरी: फोकस नेमका कुठे बसलाय

इथे घाई करू नका. भुंगेरा पूर्ण धूसर असेल तर ते कुणालाही दिसतं. पारखायची असते ती अर्धवट धूसरता.

आधी डोळा बघा. जिवंत प्राण्याच्या फोटोत आपली नजर डोळ्याकडे जाते, आणि भुंगेऱ्याच्या डोळ्यावरच्या बारीक बारीक पैलूंची जाळी दिसत असेल तर फोकस चांगला बसला आहे. डोळा धूसर असून पंखाचा मधला भाग स्पष्ट असेल, तर कॅमेऱ्याने त्याच्या जवळ आलेला पाठीचा फुगवटा पकडला. ही नवशिक्यांची सर्वांत नेहमीची चूक आहे. फोटो म्हणून तिच्यासाठी गुण कापा. पण जात ओळखण्यासाठी पंखावरचे खळगेच हवे असतील तर पुरावा म्हणून हाच फोटो कामाचा ठरतो. दोन प्रश्न वेगळे ठेवायचे ते यासाठी.

मग स्पष्टतेची खोली बघा. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर भुंगेरा सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराएवढा उतरत असेल, म्हणजे १:१ प्रमाणात, तर एफ/८ अ‍ॅपर्चरला (अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र, एफचा आकडा मोठा तितकं ते बारीक) जेमतेम १ मिलिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. एफ/११ ला साधारण १.३ मिलिमीटर. भुंगेऱ्याच्या पाठीचा उंचवटाच त्याहून जास्त असतो. त्यामुळे एकाच क्लिकमध्ये सगळा भुंगेरा आरपार स्पष्ट यावा ही अपेक्षा धरू नका. बघायचं ते हे की जो पातळ काप मिळाला तो फोटो काढणाऱ्याने कुठे ठेवलाय. अ‍ॅपर्चर अजून बारीक केलं की खोली वाढते, पण दुसरीकडून नुकसान होतं. १:१ वर लेन्सवरचं एफ/१६ प्रत्यक्षात एफ/३२ सारखं वागतं आणि प्रकाशाच्या विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळाच फोटो थोडा मऊ पडतो. सगळीकडे सारखाच, हलकासा मऊपणा दिसला तर संशय अ‍ॅपर्चरवर घ्या. एकाच दिशेला ओढल्यासारख्या कडा दिसल्या तर फोटो हललाय. आणि धड स्पष्ट असून फक्त शृंगिका पुसट असतील, तर कॅमेरा स्थिर होता, भुंगेरा हवा चाचपत होता. या शेवटच्या गोष्टीबद्दल मी उदार असते. शृंगिका हलवणारा भुंगेरा जिवंत आणि सावध असतो.

चौथी पायरी: प्रकाश आणि खरा रंग

भुंगेऱ्याचे वरचे टणक पंख म्हणजे फुगीर आरसा. समोरून नुसता फ्लॅश मारला की त्या आरशात फ्लॅशचंच चित्र उमटतं: एक पांढराफटक डाग, ज्याच्या आत कसलीच माहिती उरलेली नसते. रिंग लाइट वापरला असेल तर पाठीवर पांढरं कडं दिसतं, आणि नवखा माणूस ते नक्षी समजतो. चमक असणं गैर नाही. गुळगुळीत पंख चमकलाच पाहिजे, नाहीतर तो खरखरीत वाटेल, आणि गुळगुळीत की खरखरीत हाही जात ओळखण्याचा धागा असतो. चांगल्या फोटोत चमक पसरट असते, तिच्या कडा हळूहळू विरतात आणि तिच्याखालून पंखावरच्या रेघा दिसत राहतात. डिफ्यूझर, म्हणजे फ्लॅशचा प्रकाश पसरवणारा पडदा, मोठा आणि भुंगेऱ्याच्या अगदी जवळ धरला की असं होतं.

जळलेला भाग, म्हणजे जादा प्रकाशाने तपशील पुसला गेलेला भाग, डोळ्यांनी ठरवू नका, हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) उघडा. लाल किंवा केशरी भुंगेऱ्यांत फक्त लाल चॅनेल, म्हणजे फोटोतल्या लाल रंगाची नोंद, जळालेला असतो. फोटो वरवर ठीक दिसतो, पण लाल भागातला सगळा पोत सपाट झालेला असतो. हिरव्या पानावर बसलेल्या भुंगेऱ्याच्या पोटाला पानाचा हिरवा रंग चढतो, तेही लक्षात ठेवा.

भुंगेऱ्यांचे रंग मुळातच फसवे असतात आणि या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच आहे. धातूसारखा दिसणारा हिरवा, सोनेरी, जांभळा रंग बऱ्याचदा रंगद्रव्याचा नसतोच. कवचातल्या अतिसूक्ष्म थरांवरून परावर्तित झालेल्या प्रकाशाचा तो खेळ असतो, म्हणून कोन बदलला की रंग सरकतो. एकाच भुंगेऱ्याच्या दोन फोटोंत एक हिरवट आणि एक निळसर दिसला तर लगेच ‘रंग बदलून टाकलेत’ असा आरोप करू नका. १९११ साली भौतिकशास्त्रज्ञ आल्बर्ट मायकेलसन यांनी एका सोनेरी भुंगेऱ्याचा प्रकाश तपासला आणि तो वर्तुळाकार ध्रुवित असल्याचं, म्हणजे त्याच्या लहरींचं कंपन गोल फिरत असल्याचं, नोंदवलं. त्याच्या जवळच्या भाऊबंदांत, उदाहरणार्थ क्रायसिना ग्लोरिओसा या हिरव्या-चंदेरी भुंगेऱ्यातही, हाच गुण आहे. याचा व्यवहारातला अर्थ असा की पानांवरची चकाकी मारायला जो पोलरायझर (ठरावीक दिशेने कंप पावणारा प्रकाश अडवणारा फिल्टर) फिरवतात, तो अशा भुंगेऱ्याच्या चमकेवर जवळपास निष्प्रभ ठरतो. ‘पोलरायझर का नाही वापरला’ असा शेरा इथे लागू होत नाही.

काही भुंगेरे तर स्वतःच रंग बदलतात. हर्क्युलिस भुंगेऱ्याचे पंख कोरड्या हवेत पिवळट-हिरवे आणि दमट हवेत काळे दिसतात. सोनेरी कासव-भुंगेरा निवांत असताना सोन्यासारखा लखलखतो, डिवचला की तांबूस होतो, आणि मेल्यावर ते सोनं परत येत नाही. म्हणून रंग ‘चुकीचा’ ठरवण्याआधी त्या जातीत रंग किती बदलतो हे माहीत करून घ्या. आणि फोटोतल्या ज्या वस्तूचा रंग तुम्हाला पक्का ठाऊक आहे, पांढरा कागद, करडा दगड, हाताची त्वचा, तिच्यावरून आधी फोटोचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा रंग पांढराच आलाय का ते, तपासा.

पाचवी पायरी: कोन

जात ओळखायची तर तीन बाजू हव्यात: बरोबर वरून पाठ, बाजूने धड, आणि डोक्याचा जवळून फोटो. तिन्ही एकाच फोटोत येणार नाहीत, म्हणून एकटा फोटो पारखताना यातली कोणती बाजू प्रामाणिकपणे मिळाली ते लिहा. तिरपा कोन देखणा असतो, पण त्यात लांबी-रुंदीचं प्रमाण बिघडतं. मोबाइल अगदी जवळ नेऊन समोरून काढलेल्या फोटोत तर जवळचा भाग अवाढव्य होतो. नर काळवीट-भुंगेऱ्याचे, म्हणजे हरणाच्या शिंगांसारखे जबडे असणाऱ्या भुंगेऱ्याचे जबडे अशा फोटोत अर्ध्या शरीराएवढे दिसतील. त्या फोटोवरून जबड्याचं माप काढू नका.

मोजपट्टी असेल तर ती भुंगेऱ्याच्या पाठीच्याच पातळीत आहे का ते बघा. खाली जमिनीवर ठेवलेली पट्टी भुंगेऱ्याला खरा आहे त्याहून मोठा दाखवते.

सहावी पायरी: आता नाव उघडा आणि पुरावा जुळवा

आता झाकलेलं नाव वाचा आणि स्वतःला विचारा: ही जात तिच्या जवळच्या जातींपासून कशाने वेगळी होते? ती खूण या फोटोत दिसते का? ही खूण फोटोकडे पुन्हा बघण्याआधी कागदावर लिहून ठेवली तर उत्तम, नाहीतर मन हवी ती खूण फोटोत शोधून काढतं.

एक उदाहरण घेऊ. अमेरिकन बरीइंग बीटल, म्हणजे निक्रोफोरस अमेरिकॅनस, हा मेलेले छोटे प्राणी मातीत पुरणारा भुंगेरा. अमेरिकेत १९८९ साली त्याची नोंद धोक्यात आलेल्या जातींत झाली आणि २०२० साली त्याला थोड्या कमी धोक्याच्या गटात हलवलं. काळ्या पंखांवर केशरी पट्टे त्याच्या नात्यातल्या इतर भुंगेऱ्यांवरही असतात, त्यामुळे पट्टे कितीही सुंदर आले तरी त्यांनी काही सिद्ध होत नाही. त्याची खूण आहे डोक्यामागच्या ढालीवर, ज्याला प्रोनोटम म्हणतात. तिच्या मध्यावर मोठा केशरी-लाल भाग असतो. त्या एका जागेचा स्पष्ट, न जळलेला फोटो असेल तर बाकी सगळं धूसर असलं तरी पुरावा भक्कम. त्यात तोंडाच्या वरची केशरी खूणही आली असेल तर नर-मादीसुद्धा सांगता येते: नरात ती चौकोनी, मादीत त्रिकोणी.

युरोपातल्या मोठ्या काळवीट-भुंगेऱ्याची, लुकॅनस सर्व्हसची, गोष्ट वेगळी. नर ओळखायला सोपा. मादीला मोठे जबडे नसतात आणि ती डॉर्कस पॅरॅलेलिपिपेडस या लहान काळ्या नातेवाइकासारखी वाटते. लुकॅनसच्या मादीच्या पंखांत तपकिरी झाक असते, डॉर्कस सर्वांगाने मळकट काळा, आणि त्याच्या मादीच्या डोक्यावर दोन बारीक उंचवटे. म्हणजे इथे फोटोने दोन गोष्टी सांभाळायला हव्यात: पंखांचा खरा रंग आणि डोक्याच्या वरच्या भागाचा पोत. एक्स्पोजर कमी ठेवून ‘नाट्यमय’ केलेला फोटो या दोन्ही गोष्टी गिळतो.

रोझालिया अल्पिना या निळ्या-करड्या भुंगेऱ्याला युरोपीय संघाच्या १९९२ च्या अधिवास निर्देशात प्राधान्याचं संरक्षण आहे. त्याच्या पाठीवरच्या काळ्या डागांचा आकार प्रत्येकात थोडा वेगळा असतो. दोन्ही पंख पूर्ण दिसणारा, बरोबर वरून काढलेला साधासा फोटो असेल तर मागच्या आठवड्यातला भुंगेरा आणि हा एकच की वेगळा, याचाही अंदाज बांधता येतो. तिरप्या कोनातल्या कलात्मक फोटोत ही सोय नाही.

साधारण कुळ ओळखायला पाय आणि शृंगिका उपयोगी पडतात. बहुतेक भुंगेऱ्यांच्या शृंगिकेला ११ पेरे असतात. फोटोत ती मोजता येतात का बघा. मोजता आली तर फोटोची स्पष्टताही आपोआप सिद्ध होते. पायाच्या टोकाकडची पेरी लांब-शृंगी भुंगेऱ्यांत चार दिसतात, पण असतात पाच. चौथं इवलंसं पेर तिसऱ्याच्या खाचेत लपलेलं असतं.

आणि काही गटांत नर जननेंद्रियाची रचना सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्याशिवाय जात ठरतच नाही. अशा वेळी जगातला सर्वोत्तम फोटोसुद्धा प्रजातीपर्यंत, म्हणजे नावाच्या पहिल्या अर्ध्यापर्यंतच, नेतो. तेवढंच लिहा. याने फोटोचा दर्जा कमी होत नाही, फक्त त्याच्या दाव्याची मर्यादा ठरते.

सातवी पायरी: नंतर काय काय केलंय

फोकस स्टॅकिंग, म्हणजे वेगवेगळ्या खोलीवरचे अनेक फोटो जोडून एक स्पष्ट फोटो करणं, हे या कामात पूर्णपणे मान्य तंत्र आहे. फक्त जोडकाम तपासा. शृंगिकांच्या, पायांच्या आणि केसांच्या कडांना धुरकट वलय आहे का? स्पष्ट भागांच्या मधेच धूसर पट्टा राहिलाय का? जोडताना भुंगेरा हलला असेल तर एका पायाचे दोन पाय होतात.

जास्त शार्पनिंग केलं, म्हणजे कडा कृत्रिमपणे ठळक केल्या, की काळ्या कडांबाहेर पांढरी रेघ उमटते. तो सौंदर्याचा दोष आहे, त्याबद्दल बोलून पुढे जाता येतं. मी ठाम असते ती एका गोष्टीबाबत. कृत्रिम बुद्धिमत्तेने फोटो ‘स्पष्ट’ किंवा ‘मोठा’ करणारी साधनं हरवलेला तपशील परत आणत नाहीत, ती तो अंदाजाने रंगवतात. पंखावर नसलेले खळगे तयार होतात, केस एकसारखे विंचरल्यासारखे दिसतात, डोळ्यावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी अति नीटस जाळी येते. दुर्मीळ जातीच्या बाबतीत हा खोटा पुरावा ठरतो, तयार करणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो. शंका आली तर कॅमेऱ्यातून आलेली अनस्पर्श फाइल मागा. धूसर पण खरा फोटो मी नेहमीच वर ठेवेन.

आठवी पायरी: भुंगेरा जिवंत आहे का, आणि कुठे आहे

‘निसर्गात टिपलेला’ असा दावा असेल तर उजव्या पंखाच्या पुढच्या भागात टाचणीचं भोक आहे का ते शोधा. संग्रहासाठी भुंगेऱ्यांना उजव्या पंखातूनच टाचणी मारण्याची रीत आहे. भोक डाव्या पंखात दिसलं तर फोटो आरशासारखा उलटलेला असण्याची शक्यता धरा. पाय पोटाशी घेतलेला भुंगेरा मात्र मेलेलाच असेल असं नाही, धोका वाटला की अनेक भुंगेरे मेल्याचं सोंग घेतात. मंद झालेला डोळा, त्यावर बसलेली धूळ, अनैसर्गिक वळलेल्या शृंगिका, अशा दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या तरच बोला. संग्रहातल्या नमुन्याचा फोटो हा उत्तम फोटो असू शकतो. तसं स्पष्ट लिहिलेलं असलं म्हणजे झालं.

फोटोसाठी ओंडका फोडलेला, साल उचकटलेली, पाय चिकटवलेला भुंगेरा दिसला तर मी त्या फोटोची गुणवत्ता पारखतच नाही.

ठिकाणाबद्दल एक काळजी घ्याच. फाइलच्या आतल्या माहितीत अनेकदा जीपीएसचे आकडे असतात. दक्षिण आफ्रिकेतल्या डोंगरमाथ्यांवरचे न उडणारे कोलोफोन भुंगेरे संग्राहकांच्या हौसेमुळे इतके धोक्यात आले की त्यांची नोंद साइट्स या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या परिशिष्ट ३ मध्ये करावी लागली. अशा जातीचा फोटो पुढे पाठवण्याआधी ते आकडे काढून टाका. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर धोक्यातल्या जातींचं ठिकाण ०.२ अंश बाय ०.२ अंशाच्या चौकोनात धूसर करून दाखवतात, तेही याच कारणाने. तारीख, अधिवास आणि कोणत्या झाडावर होता, ही माहिती मात्र राहू द्या. तिच्यावाचून चांगला फोटोही मुका पडतो.

शेवटी निकाल लिहिताना

दोन प्रश्नांची दोन वेगळी वाक्यं लिहा, आणि कारण अवयवाच्या नावानिशी द्या. ‘छान’ किंवा ‘बरा नाही’ याने समोरच्याला काही मिळत नाही. असं लिहा: ‘फोटो म्हणून मध्यम. डोळा फोकसबाहेर, डाव्या पंखावर फ्लॅशचा जळलेला डाग, उजवी शृंगिका कापली गेली. पुरावा म्हणून चांगला. प्रोनोटमवरचा केशरी भाग पूर्ण दिसतो आणि त्याच्या कडा स्पष्ट आहेत.’ किंवा: ‘फोटो म्हणून उत्कृष्ट. जातीचं नाव मात्र यावरून मान्य करता येत नाही, डोक्याचा वरचा भाग सावलीत आहे.’

असं लिहिल्यावर त्यालाच जोडून विचारा: त्या वेळचे बाकीचे फोटो ठेवलेत का? माणसं सर्वांत सुंदर एक फोटो निवडून पाठवतात आणि उरलेले दहा-बारा नकोसे म्हणून पुसायच्या बेतात असतात. भुंगेरा काडीवरून उलटा होत असताना चुकून निघालेल्या वाकड्या फोटोत पोटाची बाजू आणि पायाची पेरी दिसलेली मी अनेकदा पाहिली आहेत. मेमरी कार्ड साफ होण्याआधी ते सगळे मागून घ्या.